जेलचा गुण की एसटीच्या वेळापत्रकाचा? संशोधन नीतिसमितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य, संशोधन नीतिसमिती
मा. प्रमुख संशोधक, मधुमेहींच्या पायाच्या जखमांवरील चाचणी

स. न. वि. वि.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, तालुक्यालाही ठाऊक आहे. रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला नाव कळून काही साधणार नाही, आणि मला कोणाची बदनामी करायची नाही.

गेल्या महिन्यात आपल्या सभागृहात कार्यक्रम झाला. जखमेवर लावायच्या नव्या जेलनं जखमा जुन्या ड्रेसिंगपेक्षा किती लवकर भरतात, याचे तक्ते पडद्यावर दाखवले गेले. शाल-श्रीफळ झालं. यापुढे शुगरच्या पेशंटना हेच जेल लिहून दिलं जाईल, असंही जाहीर झालं. त्याच्या बरंच आधी मी समितीला लेखी विचारलं होतं की जेल कोणाला द्यायचं आणि जुनं ड्रेसिंग कोणाला, हे कसं ठरवलं. उत्तर दोन ओळींचं आलं. "सहभागींची विभागणी यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली आहे. कळावे." यादृच्छिक म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाच्याही मर्जीशिवाय. ओपीडीबाहेरच्या बाकावर बसून जे मी डोळ्यांनी पाहिलं, त्याच्याशी हे उत्तर जुळत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितोय.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त आहे. चाचणीशी माझा संबंध आला तो पत्नीमुळे. तिला शुगर आहे, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली होती, आणि चाचणीत ती जेलच्या गटात होती. जखम भरली. ती आता बाजारात चालत जाते. त्याबद्दल आपले आणि ड्रेसिंगच्या सिस्टरांचे मनापासून आभार. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमचं काहीतरी बिघडलं म्हणून हा माणूस तक्रार करतोय, असा समज व्हायचा. आमचं भलंच झालं. पण ते जेलनं झालं की आणखी कशानं, हे आपल्या चाचणीवरून कोणालाच सांगता येणार नाही. आणि तेच सांगण्यासाठी तर चाचणी होती!

आता बाकावरून काय दिसलं ते. निवृत्त कंट्रोलरला ओपीडीबाहेर बसवलं की तो दुसरं काय करणार? कोण कुठल्या गाडीनं आलं ते ओळखत बसतो. मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्यांना जेल लावलं जात होतं. सोमवारी आणि गुरुवारी येणाऱ्यांना सलाइनच्या गॉजचं नेहमीचं ड्रेसिंग. कारण विचारलं तर साधं होतं. जेल लावायचं प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर त्या दोनच दिवशी असायचे. यात कोणाचं कारस्थान नव्हतं, सोय होती. वार ठरलेले, माणसं आपोआप वाटली जातात, कोणी कोणाची निवड करत नाही, असं आपल्याला वाटलं असावं.

पण आपल्याकडे सोमवार आठवडा बाजाराचा. लांबच्या वाडीतला माणूस एका तिकिटात दोन कामं करतो. बाजार आणि दवाखाना. त्या दिवशी आम्ही जादा गाड्या सोडायचो त्या उगाच नाही. सड्यापलीकडच्या गावांतून, खाडीच्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून माणसं सोमवारीच येतात. गुरुवारी येणाऱ्यांतही निम्मे तेच, सोमवारी नंबर न लागल्यामुळे परत बोलावलेले. मंगळवार-शुक्रवारची गर्दी वेगळी. बाजारपेठेतली, स्टँडजवळची, ज्यांना मुलगा मोटारसायकलवरून सोडतो ती. आमच्यासारखी. मी आयुष्यभर या लोकांची तिकिटं आणि फेऱ्या पाहिल्यात. कोण कुठून आलं हे मला केसपेपर न बघता कळतं.

म्हणजे जेल गेलं गावातल्यांना, आणि जुनं ड्रेसिंग गेलं वाडीवाल्यांना. आता या दोघांच्या जखमा सारख्या भरतील का, हे मला डॉक्टरांना सांगावं लागणं बरं दिसत नाही, तरी सांगतो. वाडीवाल्याची वस्तीची गाडी चुकली की त्या दिवसाचं ड्रेसिंग चुकलं. परतीला फाट्यावर उतरून साकव ओलांडायचा आणि कातळ तुडवत घर गाठायचं. लावणी सुरू झाली की पाय दिवसभर चिखलात. केसपेपरवर 'पाय कोरडा ठेवणे' असं लिहिलेलं असतं. आषाढात ते कोणाला जमणार? माझी पत्नी एमसीआरची, म्हणजे शुगरवाल्यांसाठीच्या मऊ रबराची, चप्पल घालून घरात बसून होती, मी तिला बादली उचलू देत नव्हतो. गटांची सुरुवातच अशी असेल, तर डबीत जेल असो की नुसतं व्हॅसलीन, मंगळवारच्या जखमा सोमवारच्या आधी भरल्या असत्या अशी मला दाट शंका आहे. ती खरी आहे असा माझा दावा नाही. पण ती उरूच नये, एवढ्यासाठीच गट पाडताना काळजी घ्यायची असते.

मध्येच कोणीतरी आक्षेप घेतला असावा, कारण काही महिन्यांनी पाकिटं आली. पांढरी, पातळ, वर नंबर. मला बरं वाटलं. पण ते टिकलं नाही. ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं अक्षर दिसायचं, आणि ते धरलं जायचं हे सगळ्या बाकाला ठाऊक होतं. फार चिघळलेली जखम आली आणि वरच्या पाकिटात जेल दिसलं, की "यांना नेहमीचंच करू या, हे पाकीट पुढच्यांना" असं व्हायचं. बोलणाऱ्या डॉक्टरांच्या मनात वाईट काही नव्हतं. नव्या औषधाचा प्रयोग मरणाच्या जखमेवर कशाला, एवढाच विचार. पण त्या एका विचारानं जड जखमा एका बाजूला गेल्या आणि हलक्या दुसऱ्या.

माझी मुलगी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हे स्कॉटलंडमध्ये होऊन गेलंय." आणि तिनं मला लॅनार्कशायरची गोष्ट सांगितली. नंतर मी ती स्वतः वाचली. १९३० साली तिथल्या ६७ शाळांत सुमारे २०,००० मुलांवर प्रयोग झाला. १०,००० मुलांना रोज दूध दिलं, १०,००० मुलांना नाही, आणि फेब्रुवारी ते जून कोण किती वाढलं ते मोजलं. मुलं निवडायची होती चिठ्ठीनं किंवा नावांच्या अक्षरक्रमानं. पण नियमात एक फट ठेवली होती. एखाद्या गटात खात्यापित्या घरची किंवा अगदीच हडकुळी मुलं जास्त झाली असं शिक्षकांना वाटलं, तर त्यांनी अदलाबदल करावी. शिक्षक शेवटी माणसंच. समोर उपाशी पोर दिसतंय, आणि दुधाची बाटलीही दिसतेय. परिणाम असा झाला की दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच दूधवाल्यांपेक्षा वजनानं सुमारे तीन महिन्यांची आणि उंचीनं चार महिन्यांची वाढ पुढे होती. वर वजनं कपड्यांसकट घेतलेली. फेब्रुवारीत जाड कपडे, जूनमध्ये पातळ. गरिबाच्या पोराकडे हिवाळ्यातही जाड कपडे नसणार, त्यामुळे त्याचं वजन कमी घटलेलं दिसणार आणि श्रेय दुधाला जाणार.

हे सगळं १९३१ साली उलगडून दाखवलं विल्यम गॉसेट यांनी. हा गृहस्थ गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता आणि 'स्टुडंट' या टोपणनावानं लिहायचा. त्यानं शिक्षकांना दोष दिला नाही. एवढा मोठा, एवढा खर्चिक प्रयोग असूनही निष्कर्ष डळमळीत राहिला, तो केवळ माणसांच्या हातात अदलाबदलीची मुभा ठेवल्यामुळे, हे त्यानं दाखवलं. लॅनार्कशायरमध्ये दयेपोटी अशक्त मुलं नव्या उपायाकडे गेली. आपल्याकडे दयेपोटीच जड जखमा नव्या उपायापासून लांब राहिल्या. दिशा उलटी, पण रोग एकच.

न्यूयॉर्कमध्ये बीसीजीच्या लशीचंही असंच झालं होतं, १९३०च्या आसपास. लस कोणत्या बाळांना द्यायची हे डॉक्टर ठरवत होते तोवर लसवाल्या मुलांत क्षयाचे मृत्यू खूपच कमी दिसले. पुढे एकाआड एक अशी वाटणी सुरू केली, तर फरक जवळपास नाहीसाच झाला. पहिल्या खेपेला सांगितलेलं ऐकणारे, वेळेवर येणारे आईबाप डॉक्टरांनी नकळत निवडले होते. आपले मंगळवारचे पेशंट आठवा.

यावर तोड नव्हती असंही नाही. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध अपुरं, पेशंट भरपूर. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून क्रम तयार केला आणि तो बंद पाकिटांत ठेवला. बाहेर फक्त रुग्णालयाचं नाव आणि नंबर. पेशंट चाचणीत घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच त्याचं पाकीट उघडायचं. तोवर आत काय आहे हे संशोधकांनाही ठाऊक नाही, समन्वयकालाही नाही. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. एवढ्या थोड्या माणसांत निघालेला निष्कर्ष जगानं मानला, कारण कोण कुठे गेलं यात कोणाचाच हात नव्हता.

आपल्या चाचणीतही नेमकं हेच करायचं ठरलं होतं! सीटीआरआय, म्हणजे आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) २००७ पासून चालवलेली चाचण्यांची नोंदवही, नेटवर कोणालाही फुकट वाचता येते. तिच्यात प्रत्येक चाचणीपुढे दोन वेगळे रकाने असतात. यादृच्छिक क्रम कसा तयार केला, आणि तो कसा झाकून ठेवला. आपल्या नोंदीत पहिल्यात 'संगणकाद्वारे' असं आहे, आणि दुसऱ्यात क्रमांकित, मोहोरबंद, अपारदर्शक पाकिटं. कागदावर सगळं बरोबर आहे. ओपीडीत मात्र आधी वार होते, आणि नंतर पारदर्शक पाकिटं.

संमतीपत्राचंही बोललं पाहिजे. २०१९ च्या नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे, यादृच्छिक चाचणी असेल तर प्रत्येक उपचाराच्या गटात जायची शक्यता किती, हे सहभागीला संमतीपत्रात सांगावं लागतं. आमच्या कागदावर 'दोन्ही गटांत जाण्याची शक्यता समान' असं छापलं होतं. सोमवारी आलेल्या माणसाची जेल मिळायची शक्यता किती होती? शून्य. त्यांच्यातले एक शेतकरी, ज्यांचं पुढे पायाचं बोट काढावं लागलं, मला म्हणाले, "आमचा कौल डावा पडला, त्याला कोण काय करणार?" मला त्यांना सांगता आलं नाही की कौल लावलाच नव्हता. गुरवानं कौलासाठी देवाच्या अंगावर लावलेला फुलाचा कळा बोटानं पाडला तर गाव त्याला कौल म्हणत नाही, आणि गुरव कितीही सज्जन असला तरी म्हणत नाही. जेल मिळालं असतं तर त्यांचं बोट वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही, आणि आपल्यालाही नाही. पण समान संधी आहे असं त्यांच्याकडून अंगठ्यानिशी मान्य करून घेतलं, ती संधी त्यांना दिली गेली नाही.

आता आपली बाजू. मी काही डॉक्टरांशी खासगीत बोललो. दोन गोष्टी ऐकल्या.

एक म्हणजे, "जेल लावलेलं डोळ्यांना दिसतं, मग लपवणार काय?" हा दोन गोष्टींचा घोळ आहे. जेल लावल्यानंतर ते दिसणारच, ते झाकता येत नाही, मान्य. झाकायचं असतं ते त्याआधीचं. पेशंट आत घ्यायचा की नाही हे ठरवताना पुढचा नंबर कुठल्या गटाचा आहे, हे ठरवणाऱ्याला कळता कामा नये. एवढं कोणत्याही चाचणीत जमतं, मग ती मलमाची असो की ऑपरेशनची. आणि न जमवल्यास काय होतं त्याचाही हिशोब झालेला आहे. १९९५ साली केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २५० चाचण्या तपासल्या. जिथे वाटणी नीट झाकलेली नव्हती, तिथे उपचाराचा परिणाम, ऑड्स रेशोच्या (दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या) मापानं, सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला निघाला. लोक पाकिटं उजेडासमोर धरतात हेही शुल्झ यांनी लिहून ठेवलंय. ट्यूबलाइट सगळीकडे सारखीच असावी.

दुसरं ऐकलं ते जास्त लागलं. "ग्रामीण भागात एवढं काटेकोर कुठे जमतं?" महाड कोकणातच येतं ना? डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर तिथे काम केलं, आणि महाडच्या रुग्णालयात झालेली त्यांची यादृच्छिक चाचणी २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ७० पेशंट, ३५-३५. एका गटाला प्राझोसिन हे औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. कोणाला काय दिलं हे तिथेही उघड होतं. विंचू चावलेला माणूस तडफडत येतो, आपल्या जखमांसारखा पुढच्या तारखेला बोलावता येत नाही. त्या धावपळीत जमलं ते ठरलेल्या वेळेच्या ओपीडीत जमत नाही, हे मी कसं मान्य करू?

एक बाहेरचा फोन नंबर पुरला असता. यादी दुसऱ्या गावातल्या, या चाचणीत हितसंबंध नसलेल्या माणसाकडे ठेवायची. पेशंटचं नाव नोंदवून फोन करायचा, तिकडून गट सांगितला जाईल, बस. लांबच्या आणि जवळच्या गावांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या असत्या तर दोन्हीकडची माणसं दोन्ही गटांत सारखी पडली असती. प्रशिक्षित डॉक्टर दोनच दिवस येत होते, तर चाचणीत नाव नोंदवणंही त्याच दोन दिवशी करायचं होतं, आणि लांबच्यांना त्या दिवशीच्या गाडीचं भाडं द्यायचं होतं. सड्यावर रेंज नसते, पण रुग्णालयात असते.

चूक मान्य केल्यानं अब्रू जाते अशी भीती असेल तर स्पेनचं उदाहरण पाहा. ऑलिव्ह तेल किंवा सुक्या मेव्यावर भर असलेल्या आहारानं हृदयविकार कमी होतो, असं सांगणारी प्रेडिमेड नावाची प्रचंड चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ७,४४७ माणसं. जगभर गाजली. पुढे जॉन कार्लाइल नावाच्या इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञानं हजारो चाचण्यांचे आकडे तपासताना तिच्यातल्या गटांवर बोट ठेवलं. संशोधकांनी स्वतःची कागदपत्रं उघडली, तेव्हा कळलं की एका केंद्रावर एकेका माणसाऐवजी अख्खी क्लिनिकं एकाच गटात टाकली होती. शेजाऱ्याला तेल मिळालं आणि मला नाही, अशी कुरबुर गावात नको म्हणून. काही ठिकाणी एकाच घरातली माणसं एकाच गटात होती. २०१८ मध्ये त्यांनी मूळ लेख मागे घेतला, हिशोब नव्यानं केला, आणि त्याच नियतकालिकात जपून केलेल्या विधानांसह पुन्हा छापला. कोणी त्यांना वाळीत टाकलं नाही.

आपल्या बाबतीत घाई करायला आणखी एक कारण आहे. जेल महाग आहे. ते चिठ्ठीवर लिहिलं गेलं की सोमवारचा माणूस ते मजुरीच्या पैशातून घेणार, चिखलातल्या पायाला लावणार, आणि जखम भरली नाही तर स्वतःलाच दोष देणार.

म्हणून माझ्या मागण्या.

जेल 'सिद्ध झालं' असं सांगून लिहून देणं तूर्त थांबवावं. कोणाला द्यायचंच असेल तर पुरावा अजून कच्चा आहे हे त्याला मराठीत सांगावं.

कोणत्या वारी कोणाला कुठल्या गटात घेतलं, पाकिटं कधीपासून आली, किती वेळा क्रम बदलला, याची तारीखवार माहिती नावं वगळून जाहीर करावी. सोबत दोन्ही गटांचा सुरुवातीचा तक्ता. वय, साखर, जखमेचा आकार आणि खोली, आणि मी आग्रहानं म्हणतो, गावापासून रुग्णालयापर्यंतचं अंतर. चाचणी अर्ध्यावर सोडून गेलेले कोणत्या गटातले होते तेही.

सीटीआरआयमधली नोंद प्रत्यक्षात जे घडलं त्याप्रमाणे दुरुस्त करावी. निष्कर्ष कुठे छापायला पाठवला असेल तर तिथेही कळवावं.

रुग्णालयाबाहेरच्या संख्याशास्त्रज्ञाकडून हे सगळं तपासून घ्यावं. चाचणी पुन्हा करायची ठरली, आणि ती व्हावी असं मला वाटतं, तर वाटणी फोनवरून व्हावी.

जुन्या ड्रेसिंगच्या गटातल्या प्रत्येकाला बोलावून पाय मोफत तपासावेत आणि गरजेनुसार एमसीआरच्या चपला द्याव्यात. बोलावताना वार विचारून बोलवा.

शेवटची मागणी समितीला. नियमाप्रमाणे आपल्यात किमान सात सदस्य असतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, आणि एक सर्वसामान्य लोकांमधला. तो सर्वसामान्य सदस्य कोण आहे हे चाचणीतल्या एकाही माणसाला ठाऊक नाही. त्यांचं नाव ओपीडीच्या फलकावर लावा, आणि सहभागींची एक बैठक घ्या. सोमवारी घ्या, म्हणजे सगळे येतील.

उत्तर तीस दिवसांत लेखी द्यावं. जे येईल ते एकही शब्द न बदलता लोकांसमोर ठेवीन, मग ते मला खोटं ठरवणारं असलं तरी.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी
(चाचणीतील एका सहभागीचा नवरा)